दाजींच्या भाषणातले हात

सकाळी नऊ वाजता मामाने कॅमेऱ्यातलं कार्ड एडिटरबाईंच्या टेबलावर ठेवलं आणि सांगितलं, की यात सगळं आलंय, फक्त हात नाहीत.

"कोणाचे हात?" बाईंनी विचारलं.

"आमच्या दाजींचे."

"मग काय बिघडलं? चेहरा आहे ना?"

"चेहराच आहे हो," मामा म्हणाला. "तीच तर बोंब आहे."

दाजी म्हणजे मामाच्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांना जन्मापासून ऐकू येत नाही. ते हातांनी बोलतात. फर्निचरच्या कारखान्यात त्यांनी उभं आयुष्य कपाटांना पॉलिश केलं आणि गेल्या शनिवारी ते निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमात त्यांनी भाषण केलं, तेही हातांनीच. ताई शेजारी उभी राहून ते सगळ्यांना मोठ्याने सांगत होती. एरवी पॉलिशवाल्याकडे कारखान्यात कोणी मुद्दाम बघत बसत नाही. त्या दिवशी करवतीवरचे, सुतारकामाचे, ऑफिसातले, झाडून सगळे दाजींच्या हातांकडे बघत होते. अपवाद एकट्या मामाचा. मामा कॅमेऱ्यात बघत होता, आणि कॅमेऱ्यात त्याने दाजींचा चेहरा इतका जवळ ओढला होता, की हनुवटीखाली काही शिल्लकच राहिलं नव्हतं.

"दुसऱ्या कोणाच्या फोनमध्ये असेल की," बाई म्हणाल्या. "हल्ली जेवढी माणसं तेवढे कॅमेरे."

मामाने टेबलावरची एक वायर उगाच सरळ केली.

"कोणाच्याच नाही. मी सगळ्यांना फोन खाली ठेवायला लावले होते."

"तुम्ही सांगितलंत आणि लोकांनी ठेवले?"

"माझ्या आवाजाला लोक घाबरतात."

हे खरं होतं. मामा बसस्थानकावर घोषणा करतो. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागणार, कुठली उशिरा येणार, हे तो ज्या आवाजात सांगतो त्या आवाजात माणसं सामान उचलून पळतात. कारखान्यातही त्याने तोच लावला होता: फोन खाली, मला पडद्यावर तुमचे हात नकोत, मी घेतोय ना. परक्यांचे हात त्याने कटाक्षाने टाळले. ज्यांचे हवे होते त्यांचेही त्यात टळले.

"घाई कितीची आहे?"

"संध्याकाळी सहा. दाजींचे शाळेतले मित्र येतायत. कामाचा दिवस होता म्हणून शनिवारी त्यांना येता आलं नव्हतं. दुपारच्या गाडीने निघतायत ते, फक्त हे बघायला. दाजींनी शेजारचा मोठा टीव्ही उचलून आणलाय. कालपासून खुर्च्या मांडतायत आणि परत मांडतायत."

"आणि त्या मित्रांना..."

"कोणालाच ऐकू येत नाही."

बाईंनी कार्ड उचललं. "दाजींना सांगितलंत?"

"सांगणार कसं?" मामा म्हणाला. आणि हा नुसता हताश उद्गार नव्हता. तीस वर्षांच्या नात्यात मामाला खुणांचे तीन शब्द येत होते: चहा, जेवण, झोप. बाकीचं सगळं ताई मध्ये उभी राहून सांगायची.

एडिटरबाईंची खोली टायरच्या दुकानावर होती. दोन पडदे, खिडकीला काळं कापड, एक फिरती खुर्ची आणि पाहुण्यासाठी एक न फिरणारी. खालून अधूनमधून हवा भरण्याचा फुस्स आवाज यायचा. बाईंनी हातातलं शाळेच्या स्नेहसंमेलनाचं काम बाजूला सारलं. त्यात प्रत्येक पालकाला आपलंच मूल मध्यभागी हवं होतं, त्यामुळे ते बाजूला सारताना त्यांना फारसं दुःख झालं नसावं.

"आधी सगळं एकदा बघायचं," त्या म्हणाल्या. "थांबवायचं नाही, मध्ये बोलायचं नाही."

न बोलणं हे मामाच्या पेशात बसत नव्हतं, तरी त्याने जमवलं. चित्रफितीतला मामा मात्र गप्प बसत नव्हता. कॅमेऱ्यामागून तो दर वाक्याला "वा!" म्हणत होता.

"हा कोण सारखा वा वा करतोय?"

"मीच तो."

"काढून टाकू?"

"मुळासकट काढा."

पडद्यावर दाजींचं नाक होतं, भुवया होत्या, कपाळावरचा घाम होता. खांदे हलत होते. म्हणजे खाली हात जोरात बोलत होते. ताईचा आवाज स्वच्छ आला होता, कारण मामा तिच्याच बाजूला उभा होता. सुरुवातीची थोडी चौकट रुंद होती, मग झूम, आणखी झूम, मग एक बराच मोठा भाग असा, ज्यात दाजींचं डोकंच नव्हतं. शर्टाची गुंडी, पट्टा आणि मागे कपाटाचं दार.

"हा भाग बघूच नका," मामाला राहवलं नाही. "इथे मला कोणीतरी चहा आणून दिला. एका हातात कप, एका हातात कॅमेरा. पार मुंडकंच उडालंय."

बाईंनी चित्र थांबवलं. गुंडी आणि पट्ट्याच्या समोर, चौकटीच्या बरोबर मध्यभागी, दाजींचे दोन्ही हात होते. बोटन् बोट दिसत होतं.

"मामा," बाई म्हणाल्या. मघाशी फोनवर त्याची बायको त्याला काय म्हणते ते त्यांनी ऐकलं होतं. सगळी गल्ली त्याला मामाच म्हणते, बायकोसकट. "तुमचं लक्ष नव्हतं, तेवढंच चांगलं आलंय."

मामा खुर्चीत पुढे सरकला. त्याच्या जिवात जीव आला.

"मग झालं की काम! हे हात घ्या आणि सगळीकडे लावा. चेहरा, हात, चेहरा, हात. हात काय, हातच."

बाईंनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, पण करून दाखवलं. पहिल्या दिवसाची आठवण सांगताना दाजींचा चेहरा, मग हात, मग पुन्हा चेहरा. वरून ताईचा आवाज: "माझ्या उस्तादांनी मला पहिल्या दिवशी एक चिंधी दिली आणि म्हणाले, ही काळी होईपर्यंत घासायचं, मग नवी माग." देखणं दिसत होतं. जणू दोन कॅमेरे लावून घेतलंय.

"मॅडम, तुम्ही जादूगार आहात," मामा म्हणाला. "आता मी सुखाने..." आणि तो थांबला. "जरा मागे घ्या."

बाईंनी मागे घेतलं.

"हे बघा. हा असा हात तोंडाकडे. हा चहा आहे."

"म्हणजे?"

"शेवटी दाजींनी चहावाल्याचे आभार मानले होते. तिथले हात आहेत हे. उस्ताद म्हणतात चिंधी घे, आणि हात म्हणतायत चहा घे."

दोघंही हसली. मग मामाचं हसू आपोआप मावळलं. सहा वाजता समोर बसणारी माणसं आवाज ऐकणार नव्हती. हातच वाचणार होती. तोंडातून भलतेच शब्द येणारा माणूस त्यांना दिसला असता, आणि तोही त्यांच्या मित्राच्या चेहऱ्याचा. "मला तीनच शब्द येतात," तो म्हणाला, "त्यातल्या एकाने वाचवलं. बाकीच्यांत काय काय निघेल, देव जाणे."

बाईंनी चिकटवलेले हात एकेक करून काढून टाकले. "तुमच्या माइकवरून एका गावाच्या गाडीला दुसऱ्या गावाचं नाव लावाल?"

"नोकरी जाईल."

"तसंच हे. जिथले हात तिथेच राहतील. बाकीच्या जागी ताईंचे शब्द लिहू, मोठ्या अक्षरात, चेहऱ्याखाली. मित्रांना वाचता येतं ना?"

"फाडफाड वाचतात. मलाच चिठ्ठ्या पाठवतात, शुद्धलेखन सुधारून."

मग खरं काम सुरू झालं. ते दिसायला कंटाळवाणं होतं, पण मामाला त्यातलं बरंच समजायला लागलं. ताईचं वाक्य ऐकायचं, लिहायचं, चेहऱ्याखाली ठेवायचं. पण अक्षरं चेहऱ्याशी जुळेनात. दाजी भुवया उंचावत आणि गमतीचं वाक्य मागाहून येई. दाजी गंभीर झालेले असत, तेव्हा खाली जुना विनोद सरकत असे.

"ताई मागे पडतेय," मामा म्हणाला. "ती बघणार, समजून घेणार, मग बोलणार. वेळ लागणारच."

"हो, पण किती मागे?" बाईंनी कान दिला. मालकाच्या चष्म्याचा किस्सा आला. दाजींचे गाल हलले आणि हॉलच्या मागच्या बाजूने थोडा हशा आला. मग ताई बोलली, मग सगळा हॉल हसला. बाईंनी पुढचा विनोद काढला. पुन्हा तेच: आधी मागची पाच-सहा माणसं, मग सगळे.

"मागे कोण बसलं होतं?"

"दाजींच्या खात्यातले दोघंतिघं. त्यांनाही ऐकू येत नाही. आणि त्यांच्या घरचे."

"म्हणजे त्यांना विनोद हातांतूनच कळतो, आणि बाकीच्यांना ताईंकडून. दर विनोदाला दोन हशे आहेत." बाईंच्या आवाजात पहिल्यांदाच उत्साह आला. "पहिला हशा जिथे, तिथे हात. दुसरा जिथे, तिथे आवाज. मधलं अंतर मोजलं, की अक्षरं तेवढी मागे खेचायची."

त्यांनी खेचली. दाजींची भुवई वर गेली आणि वाक्य नेमकं खाली उमटलं. मामाच्या तोंडून "वा!" निघून गेलं.

"हे आता काढता येणार नाही," बाई म्हणाल्या.

सुरुवातीच्या रुंद भागात दाजी एका तीन दारांच्या कपाटाशेजारी उभे होते. ताजं पॉलिश केलेलं, आरसा बसवलेलं कपाट. दाजींचं शेवटचं काम म्हणून मुद्दाम तिथे ठेवलेलं. चौकटीत त्यांचे हात कमरेपाशी कापले गेले होते, पण एक दार किलकिलं होतं आणि त्याच्या आरशात बाजूने दोन्ही हात दिसत होते. बाईंनी तो आरशाचा तुकडा मोठा केला, उजळ केला आणि चेहऱ्याच्या बाजूला बसवला. थोडं धूसर होतं, पण वाचता आलं असतं.

"झकास," बाई म्हणाल्या. "हात अगदी नैसर्गिक दिसतायत."

मामा बघत राहिला. काहीतरी खटकत होतं. दाजी आहेत, पण दाजी नाहीत.

"उजवा हात जास्त चालतोय," तो म्हणाला. "दाजी डावखुरे आहेत. त्यांच्या कामाच्या शर्टाची डावी बाही कायम चॉकलेटी आणि उजवी कोरी. ताई धुताना तेच बोलत असते."

"अरे, आरसा!" बाईंनी कपाळाला हात लावला आणि चित्र डावं-उजवं उलटवलं. पडद्यावर दाजी दाजींसारखे बोलायला लागले.

बाईंनी डबा उघडला आणि अर्धा मामाकडे सरकवला. खाताना मामा पडद्याकडेच बघत होता. इतका वेळ त्याने दाजींच्या हातांकडे कधी बघितलं नव्हतं. जेवताना, दिवाणखान्यात, दवाखान्यात, दाजी बोलायला लागले, की मामा त्यांच्या तोंडाकडे बघून मान हलवायचा आणि मग ताईकडे वळायचा. कॅमेऱ्याने काही वेगळं केलं नव्हतं. मामा नेहमी बघतो तेवढंच त्याने बघितलं होतं. 

दुपार कलायला लागली तेव्हा एकच जागा उरली होती. भाषणाच्या मध्यावर दाजी सरळ कॅमेऱ्यात बघतात. त्या क्षणी मामाने सगळ्यात जास्त झूम केलं होतं. चौकटीत फक्त डोळे आणि नाक. खांदा हलतो. मागच्या बाजूचे पाच-सहा जण खो-खो हसतात. आणि दुसरा हशा येतच नाही, कारण ताई काही बोललेलीच नाही. आवाजात नुसता पंखा फिरतोय. मग दाजी पुन्हा लोकांकडे वळतात आणि ताई पुढचं वाक्य घेते.

"इथे हात नाहीत, आरसा नाही, आवाज नाही," बाई म्हणाल्या. "काय म्हणाले ते?"

"मला काय माहीत? मी तर 'वा!' म्हणालो होतो."

"ताईंना विचारा."

फोन लावायचा म्हणजे कबुली द्यायची. मामाने खोलीभर दोन फेऱ्या मारल्या, खालून दोन टायर भरून झाले, मग लावला. झालेलं सगळं सांगितलं. पलीकडे ताईने नळ बंद केला.

"हात सोडून काय घेतलंस रे तू? त्यांच्या नाकाचं माप?"

"ताई, होतं ते सगळं सावरलंय. खरंच. सहाच्या आत घेऊन येतो. फक्त एका ठिकाणी तू गप्प का बसलीस ते सांग. ते कॅमेऱ्यात बघतात तिथे."

पलीकडून हसू आलं. "ते होय. ते मी मुद्दामच नाही बोलले."

"का?"

"ते लोकांसाठी नव्हतं. तुझ्यासाठी होतं."

"मग आता सांग!"

"माझे हात ओले आहेत," ताई म्हणाली. "ठेव फोन."

मामाने फोन ठेवला आणि बाईंना सांगितलं. बाईंनी कात्रीच्या खुणेवर बोट ठेवलं. "हे काढून टाकू. पंधरा-वीस सेकंदांचा मामला आहे. मी असं सांधेन, की कोणाला पत्ता लागणार नाही."

वाट सोपी होती. त्या जागेवर सगळा नाकर्तेपणा उघडा पडत होता. ती गेली असती तर मामा सहा वाजता ताठ मानेने खुर्चीत बसला असता. त्याने पडद्याकडे पाहिलं. डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या, नजर थेट त्याच्याकडे. सगळ्या भाषणात दाजी एकाच माणसाशी नाव घेतल्यासारखं बोलले होते, आणि तो माणूस झूमचं बटण दाबत होता.

"राहू द्या," मामा म्हणाला.

"खाली काय लिहू?"

"काही नको. गाडी लागलेली नसेल, तर मी लागली नाही असंच सांगतो. उगाच दुसरी दाखवत नाही."

बाईंनी कात्री मागे घेतली. ती जागा तशीच राहिली: दोन डोळे, एक नाक, खाली कोरी पट्टी.

सहाला थोडा अवकाश असताना मामा ताईच्या घरी पोचला. मित्र येऊन बसले होते. खोलीत आवाज म्हणावा तर नव्हता, आणि गलका एवढा, की कोण कोणाशी बोलतंय ते समजू नये. सगळे हात एकदम चालले होते. मामाने ताईला बाजूला घेतलं. "दाजींना आधी सांग, हात नीट आले नाहीत म्हणून."

"मी नाही. तू सांग."

मामा दाजींसमोर उभा राहिला. त्याने कॅमेरा दाखवला, स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं, दाजींचे हात दाखवले आणि मान हलवली: नाहीत. मग चेहऱ्याभोवती बोटांची चौकट केली. बसस्थानक हलवणारा माणूस घामाघूम झाला. दाजींनी ते सगळं शांतपणे बघितलं, त्याच्या खांद्यावर थाप मारली आणि त्याला पुढच्या रांगेत बसवलं.

भाषण सुरू झालं. आरशातले हात आले तेव्हा मित्र पुढे वाकले आणि एकाने लगेच बोट दाखवून डाव्या हाताची खूण केली. ओळख पटली होती. अक्षरं चेहऱ्याबरोबर चालली. मालकाच्या चष्म्याला सगळी खोली एकदम हसली, एकच हशा, ताईसकट. चेहऱ्याच्या लांबलचक भागांत कोणी चुळबूळ करेल म्हणून मामा मान वळवून बघत होता. कोणी केली नाही. शेजारच्या मित्राने खिशातून चिठ्ठी काढून लिहिलं आणि त्याच्या हातात दिली: "अर्धं बोलणं चेहऱ्यात असतं. चेहरा कोणी इतका नीट घेत नाही. हातही घेतले असतेत तर बिघडलं नसतं."

मामाने ती दोनदा वाचली. सकाळपासून छातीवर ठेवलेलं ओझं कोणीतरी उचलून नेल्यासारखं त्याला वाटलं. तो पहिल्यांदाच खुर्चीला पाठ टेकून बसला.

आणि ती जागा आली. दोन डोळे, एक नाक, कोरी पट्टी. खोलीतले हात थांबले. सगळ्यांनी दाजींकडे पाहिलं. दाजी उठले, टीव्हीशेजारी जाऊन उभे राहिले, आणि पडद्यावरचे डोळे मामाकडे बघत असताना, खरे हात घेऊन त्यांनी ते वाक्य तिथेच, मामाकडे बघत, पुन्हा सांगितलं. वेळ इतकी नेमकी जुळली, की एडिटरबाई असत्या तर त्यांनी खुर्ची फिरवली असती. खोली हसून कोसळली. ताईने डोळे पुसले.

मामाही हसत होता. का, ते त्याला माहीत नव्हतं.

"काय म्हणाले?"

"तुला म्हणाले," ताई म्हणाली. "मी मध्ये कशाला?"

त्यानंतर मामा दर रविवारी ताईकडे जातो. चहा झाला, की दाजी ते वाक्य एकदा करून दाखवतात, दर वेळी थोडं सावकाश. मामा हातांकडे बघतो. "तू" कळलं, "गाडी" कळलं, "ओरडतोस" हे कळायला तीन रविवार लागले. शेवटची खूण दाजी स्वतःकडे बोट दाखवून कानापाशी सुरू करतात आणि छातीपाशी आणून उघडतात. तिच्यावर गाडी अडली आहे. एडिटरबाईंनी गेल्या आठवड्यात फोन करून विचारलं, काय निघालं. मामाने सांगितलं, उशिराने धावतेय.

काल रविवार होता. दाजींनी ती खूण दोनदा केली आणि मामाचा हात धरून त्याच्याकडूनही एकदा करून घेतली. अर्थ अजून कळलेला नाही.